घराणे आणि शाळा : कृष्णाकाठच्या सर्कशीचा फेरविचार

विष्णुपंत छत्रे यांची कथा मराठीत बहुधा एकाच ठशातून निघते. जुझेप्पे चिअरिनी यांची इटालियन सर्कस मुंबईत येते. हिंदुस्थानी माणसाला असली सर्कस उभी करायला अजून पुष्कळ वर्षे लागतील, अशा अर्थाचे काही तो मालक बोलतो. अंकलखोपचे हे चाबुकस्वार गृहस्थ ते मनाला लावून घेतात आणि थोड्याच अवधीत ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहते. २० मार्च १८८० ही तारीख भारतीय सर्कशीचा आरंभदिन मानली जाते. कथा नेटकी आहे, स्वाभिमानाला सुखावणारी आहे, आणि म्हणूनच गेली कित्येक दशके तिच्याकडे कोणी उलटून पाहिलेले नाही.

पैजेच्या कथेतून आरंभ कळतो, वाढ कळत नाही. एका माणसाच्या जिद्दीने एक खेळ उभा राहील. पण सांगली-मिरज-तासगावच्या टापूतून एकामागून एक सर्कशी का निघाल्या, त्या घराण्यांच्या नावाने का ओळखल्या गेल्या, आणि अर्ध्या शतकाच्या आत या धंद्याचे केंद्र कृष्णाकाठावरून मलबारातल्या तलश्शेरीला का गेले, या तीन प्रश्नांना पैजेच्या कथेत जागा नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या तीन प्रश्नांवर आहे.

१

प्रथम एका गावाच्या नावाचा घोळ सोडवू. इंग्रजीतून लिहिलेल्या अनेक लेखांत छत्रे हे ‘कुर्डूवाडीच्या राजा’च्या पागेत होते असे छापले जाते, आणि तेथून ते मराठीतही परत येते. कुर्डूवाडी हे सोलापूर जिल्ह्यातले रेल्वेचे जंक्शन. तिथे गादी नव्हती, राजा नव्हता. गादी होती ती कुरुंदवाडला, पटवर्धनांची. रोमन लिपीत दोन नावे जवळ आली आणि इतिहास शंभरएक मैल सरकला. ही केवळ छपाईची चूक म्हणून सोडून देता येत नाही. कुर्डूवाडी म्हटले की छत्रे एकटे, कुठूनतरी उगवलेले साहसी पुरुष ठरतात. कुरुंदवाड म्हटले की त्यांच्या पाठीशी सगळा दक्षिण मराठा मुलूख उभा राहतो : सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड ही पटवर्धनी संस्थाने, त्यांच्या पागा, त्यांचे गवई आणि त्यांचे आश्रित.

पागेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आधुनिक सर्कस मुळात घोड्याभोवती जन्मली. १७६८ मध्ये लंडनला फिलिप ॲस्टली यांनी ज्या रिंगणात खेळ सुरू केले, त्या परंपरेत रिंगणाचा व्यास बेचाळीस फुटांवर स्थिरावला. इतक्या वर्तुळात घोडा एका लयीत दौडतो आणि त्याच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या माणसाला तोल सापडतो. ॲस्टली हे घोडदळातून बाहेर पडलेले शिपाई होते. छत्र्यांचे गोत्र तेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानी घोडदळाला लढाईचे काम उरले नव्हते. मिरवणूक, शिकार आणि दसऱ्याचे सीमोल्लंघन एवढ्यापुरताच घोडा सजत होता. घोडा शिकवण्याची विद्या हातात होती आणि तिला पोसणारे युद्ध संपले होते. या विद्येला गिऱ्हाईक शोधणे भाग होते. चिअरिनीने छत्र्यांना आव्हान दिले असेल. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्याने त्यांना गिऱ्हाईक दाखवले. पूर्वी दरबारात जे कौशल्य सरदारांच्या मर्जीसाठी दाखवायचे, ते आता तिकीट काढून बसलेल्या लोकांपुढे दाखवता येते, ही ती नवी गोष्ट.

सांगलीला हा धडा नवा नव्हता. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेबांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ केले. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले, आश्रय आटला, तेव्हा भाव्यांची मंडळी गावोगाव फिरू लागली आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ करती झाली. दरबाराकडून तिकिटाकडे जाण्याची वाट नाटकाने तीस वर्षे आधी पाडून ठेवली होती. सर्कस तिच्यावरून चालली.

२

पण नाटक कंपनी आणि सर्कस कंपनी यांच्या घडणीत एक भेद आहे. नाटक कंपनीत बाहेरचा गुणी मुलगा आणून त्याला नायिका करता येते. मालकी भागीदारांत वाटता येते. सर्कशीत भांडवल जिवंत असते. घोडा, हत्ती, वाघ यांना रोज खायला घालावे लागते, खेळ असो वा नसो. पावसाळ्यात तंबू गुंडाळला तरी पागा गुंडाळता येत नाही. शिवाय झुल्यावर लटकलेल्याने ज्याच्या हातावर जीव टाकायचा, तो माणूस विश्वासाचा हवा. पैसा, जनावर आणि जीव या तिन्हींचा भरवसा एकाच ठिकाणी सापडत होता, तो म्हणजे घर. म्हणून सर्कस ही कुटुंबाची कंपनी झाली.

छत्र्यांकडे हेच दिसते. विष्णुपंतांच्या पत्नी झुल्यावर काम करीत आणि जनावरेही हाताळीत, असे वृत्तांतांत येते. बंधू काशिनाथपंत कारभारात होते. १९०५ मध्ये विष्णुपंत वारल्यावर सर्कस त्यांनी चालवली. कंपनीचे छापील नाव ‘ग्रेट इंडियन’ असले तरी लोकांच्या तोंडी ती ‘छत्र्यांची सर्कस’च राहिली. पुढे म्हैसाळच्या देवलांची, सांगलीच्या कार्लेकरांची, तासगावच्या परशुराम माळी यांची अशा सर्कशी निघाल्या. त्या ओळखल्या गेल्या त्या आडनावाने आणि गावाने, जसे तमाशाचे फड ओळखले जातात. १८९० पर्यंत पुणे-मिरज-बेळगाव रेल्वेमार्ग झाला आणि या घरांना सगळा देश मोकळा झाला. पूर्वी बैलगाडीने जत्रा गाठणारा खेळ आता जनावरांसह वाघिणीत चढून मद्रासेला आणि तिथून सिलोनला जाऊ लागला.

या वाढीत एक विलक्षण प्रवासी होता. विष्णुपंत तरुणपणी ग्वाल्हेरीला गेले होते ते घोड्याच्या विद्येसोबत गाणे शिकायला. हद्दूखाँ हे त्यांचे उस्ताद. त्याच हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ पुढे विपन्नावस्थेत भटकत असता छत्र्यांनी त्यांना आपल्याकडे आणले, सांभाळले आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेले. विष्णुपंतांनंतर काशिनाथपंतांनीही ते व्रत सोडले नाही. रहिमतखाँ १९२२ मध्ये कुरुंदवाडलाच गेले. गुरुपुत्राला घरातला माणूस मानणे हे या कंपनीच्या कुटुंबपणाचे सर्वांत उजळ रूप होय. आजच्या कोणत्याही मनोरंजन कंपनीच्या जमाखर्चात असा खर्च कोणत्या सदराखाली पडेल?

३

मग हे घर कुठे उणे पडले? त्याचे उत्तर १९०१ या एका सालात सापडते, असे मला वाटते.

छत्र्यांची सर्कस १८८० च्या दशकात मलबारात तलश्शेरीला गेली. तिथे कीलेरी कुन्हीकण्णन या व्यायामशिक्षकाची गाठ पडली. कळरिपयट्टूची पार्श्वभूमी असलेल्या त्या मुलखात लवचीक, कसलेली अंगे होती. छत्र्यांकडे तंबू आणि जनावरे होती. कुन्हीकण्णन यांनी सर्कशीसाठी कसरतपटू तयार करायला घेतले आणि १९०१ मध्ये चिरक्करा येथे सर्कशीची शाळा काढली. १९०४ मध्ये त्यांच्या शिष्यशाखेतून मलबार ग्रँड सर्कस निघाली. तेव्हापासून देशातल्या कोणत्याही तंबूत झुल्यावरचा माणूस पाहिला की तो तलश्शेरीचा असण्याचा संभव मोठा, अशी स्थिती आली.

त्याच १९०१ साली, ५ मे रोजी, लाहोरात गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. ते काढणारे विष्णु दिगंबर पलुसकर जन्माने कुरुंदवाडचे, शिकले मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. त्यांचीही परंपरा ग्वाल्हेरचीच. म्हणजे ज्या गावच्या आश्रयाने सर्कस वाढली, त्याच गावच्या मुलाने गाणे घराण्याच्या उंबऱ्याबाहेर काढून वर्गात बसवले. वह्या, परीक्षा, लेखनपद्धती, फी आणि प्रमाणपत्र यांची सोय केली. सर्कशीचे हेच काम कुरुंदवाडात, सांगलीत, तासगावात कोणी केले नाही. ते समुद्रकाठच्या एका व्यायामशिक्षकाने केले.

या जुळणीला मी योगायोगापेक्षा अधिक मानतो. गाण्याची विद्या गळ्यात असते. शिष्य ती घेऊन गेला तरी उस्तादाची कमी होत नाही. सर्कशीची विद्या घरच्या मालमत्तेला चिकटलेली होती. वाघ ज्याचा, वाघाची विद्या त्याची. बाहेरच्या मुलाला ती देणे म्हणजे उद्याचा प्रतिस्पर्धी तंबू उभा करणे. कुन्हीकण्णन यांनी शिकवायला घेतले ते नेमके जनावराविना चालणारे अंग : तोल, उडी, झुला, दोरी. त्या विद्येला लागते शरीर आणि वेळ. ती शाळेत मावते. जनावर आणि तंबू वारशात वाटले जाऊन कमी होतात. शाळेतले विद्यार्थी दर वर्षी वाढतात. घरे थकली तेव्हा शाळा भरात होती.

पुढचा इतिहास याला पुष्टी देतो. १९२० मध्ये बाबूराव कदम यांनी काढलेली ग्रँड बॉम्बे सर्कस १९४७ मध्ये कीलेरींच्याच नात्यातील के. एम. कुन्हीकण्णन यांच्या सर्कशींशी जोडली गेली आणि ग्रेट बॉम्बे झाली. १९५१ मध्ये जेमिनी सर्कस उभी राहिली तीही मलबारी हातांनी. तिथेही मालकी नात्यागोत्यातच फिरत होती, हे खरे. फरक एवढाच की मालक घरातला असला तरी कलावंत शाळेतला होता. एका घराचा तंबू मोडला तर तो दुसऱ्या तंबूत जाऊ शकत होता.

४

यावर एक आक्षेप येईल. घर हीच शाळा असू शकते, आणि त्याचे उदाहरण सांगलीपासून फार लांब नाही. मिरज तालुक्यातल्या कवलापूरचा तमाशा सातू-हिरू, मग शिवा-संभा, मग काळू-बाळू असा पिढ्यान्‌पिढ्या चालला. लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगात रंगवलेल्या हवालदारांची नावेच त्यांना कायमची चिकटली. दिसायला सारखे दोन भाऊ रंगमंचावर एकमेकांच्या शब्दावर शब्द टाकतात, तेव्हा जी वेळ साधली जाते ती कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही. ती एका पाळण्यात, एका ताटात आलेली असते. तेव्हा घर विद्या देते, आणि शाळेपेक्षा खोल देते, हे कबूल केलेच पाहिजे.

पण फड टिकला तो कशावर, हेही पाहावे. फडाचे भांडवल माणसे आणि वाद्ये. दसऱ्याला निघायचे, अक्षयतृतीयेला परतायचे. जत्रांच्या सुपाऱ्या विट्यासारख्या ठिकाणी ठरायच्या. सावकाराची उचल हंगामात फेडायची. सर्कशीपेक्षा जोखीम लहान, म्हणून घर पुरे पडले. आणि ज्या जातींतून हे फड उभे राहिले त्यांना दुसरीकडची दारे बंद होती, हेही टिकण्याचे एक कारण आहे. छत्रे, देवल, कार्लेकर यांच्या पुढच्या पिढ्यांना कचेरी होती, वकिली होती, शहर होते. फडातल्या मुलाला बहुधा फडच होता. एका घराची कला निष्ठेने टिकली आणि दुसऱ्या घराची कला अनास्थेने बुडाली, असे म्हणणे दोन्ही घरांवर अन्याय करणारे आहे.

५

कुटुंबाच्या कंपनीविषयी हळवे होऊन लिहिण्याचा मोह आज फार आहे. तंबू ओस पडले आहेत. १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांचे खेळ थांबवले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला लावण्यास मनाई करण्याचा आदेश दिला. सर्कसवाल्यांनी हे दोन्ही निर्णय धंद्याच्या मुळावर आलेले घाव मानले. धंद्याच्या बाजूने ते खरेच आहे, कारण लहान वयात अंग वळवल्याविना झुल्यावरचा कलावंत घडत नाही, ही घराची आणि शाळेची दोहोंची समजूत होती. पण त्या मुलाच्या बाजूने पाहिले की घरातल्या मायेखाली आणि शाळेतल्या शिस्तीखाली काय झाकले होते, ते दिसू लागते. घरात मजुरी मागता येत नाही. छत्र्यांच्या पत्नी देशातल्या पहिल्या झुलेवाल्यांपैकी असताना अनेक वृत्तांतांत त्या ‘छत्र्यांच्या पत्नी’ एवढ्याच उरतात, यात घराच्या हिशेबाची सगळी रीत आली : काम सगळ्यांचे, नाव एकाचे.

म्हणून पैजेच्या कथेची जागा आता दुसऱ्या प्रश्नांनी घ्यावी. या कंपन्यांत कोण राबले, कोणाला शिकवले, कोणाला शिकवले नाही? कृष्णाकाठच्या घरांत जुन्या जाहिराती, रोजमेळ, तंबूच्या पावत्या, जनावरांच्या खाण्याचे हिशेब आजही पेट्यांत पडलेले असण्याचा संभव आहे. नाट्यसृष्टीचे असले कागद आपण जपले, संगीताचे जपले. सर्कशीचे जपण्याजोगे आहेत असे आपल्याला वाटलेच नाही. तलश्शेरीने निदान शाळेच्या रूपाने आपली आठवण ठेवली. सांगली-साताऱ्याने संस्थापकाचा गौरव तेवढा ठेवला आणि कंपनी विसरून टाकली. हा गौरव थोडा कमी करून हिशेबाची वही उघडली, तर विष्णुपंतांचे मोठेपण उणावणार नाही. त्यांच्याभोवती रिंगणात उभी असलेली माणसे मात्र प्रथमच दिसू लागतील.