निकी-रोझा
निकी-रोझा : अमेरिकन कृष्णवर्णीय कवयित्री निकी जिओव्हानी (७ जून १९४३–९ डिसेंबर २०२४) हिची बालपणावरील प्रसिद्ध कविता. ब्लॅक जजमेंट (१९६८) ह्या संग्रहात ती अंतर्भूत आहे. टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे जन्मलेल्या जिओव्हानीचे बालपण मुख्यतः ओहायओ राज्यातील सिनसिनाटीच्या परिसरात गेले. त्या आठवणींवर ही कविता आधारलेली आहे.

मुक्तछंदातील ह्या छोटेखानी कवितेत विरामचिन्हे जवळजवळ नाहीत. एका आठवणीतून दुसरी सहज निघते. शौचालय नसलेले घर, मोठ्या टबातील आंघोळ, हॉलीडेल ह्या नियोजित वसाहतीविषयीच्या सभांना सबंध कुटुंबाने जाणे, वडिलांना विकावे लागलेले भाग, त्यांचे मद्यपान, घरातील भांडणे आणि तरीही आनंदाने साजरे होणारे वाढदिवस व नाताळ अशा तपशिलांतून हे कुटुंब उभे राहते.

वर्णद्वेषाने केलेल्या उघड अपमानाचा एकही प्रसंग कवितेत नाही. कृष्णवर्णीयांना घरांसाठी कर्ज नाकारण्याची प्रथा त्या काळी अमेरिकेत रूढ होती; त्या पार्श्वभूमीवर वडिलांचे भंगलेले स्वप्न केवळ व्यक्तिगत अपयश राहत नाही. मात्र कवयित्रीचा मुख्य रोख भावी गोऱ्या चरित्रकारावर आहे. तो ह्याच घटना खऱ्याखुऱ्या नोंदवील; परंतु त्यांतून केवळ दैन्य वाचील आणि एकमेकांच्या सहवासातील सुख त्याच्या नजरेतून निसटेल. कुटुंबाचे प्रेम हीच ह्या लोकांची संपत्ती होय, असे कवितेचे प्रतिपादन आहे. म्हणून येथे आठवण हा गतकाळाविषयीचा हळवेपणा नसून स्वतःच्या जीवनाचा अर्थ स्वतः लावण्याचा हक्क ठरतो. बराच वेळ द्वितीय पुरुषात, जणू सर्व समाजाच्या वतीने चाललेले निवेदन अखेरीस प्रथम पुरुषात येते, ते ह्या हक्काच्या उच्चारासाठीच.

गोऱ्या चरित्रकाराविषयीचे सरसकट विधान त्या काळातील कृष्णवर्णीय कलाचळवळीच्या आक्रमक भूमिकेशी सुसंगत आहे. शिवाय सुखाचा हा निर्वाळा मुलीचा आहे. त्या भांडणांत आईला काय वाटले, हे अनुक्तच राहते. तथापि मद्यपान व कलह न लपविल्यामुळे कवितेतील सुख दारिद्र्याचे उदात्तीकरण वाटत नाही. सत्य तपशीलही अपुरे सत्य सांगू शकतात, हे साध्या बोलभाषेत प्रत्ययास आणून देणे, हे ह्या कवितेचे खरे यश होय.