दंडगोल आणि कुलालचक्र : ख्रिसिप्पसच्या एका दृष्टांताचे मराठी वाचन

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. तिच्या कुंभारवाड्यात वाढलेल्या माणसाला वेदांतातील कुलालचक्राचा दृष्टांत समजण्यासाठी भाष्य उघडण्याची आवश्यकता नव्हती. कुंभार काठीने चाकाला वेग देई, काठी बाजूस ठेवी, आणि चाक पुढे कितीतरी वेळ आपोआप फिरत राही. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या ६७ व्या कारिकेत ज्ञान झाल्यावरही देह का टिकतो हे या चाकावरून सांगितले. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायातील अनारब्धकार्याच्या सूत्रावर (४.१.१५) भाष्य करताना तेच चाक पुढे आणले. दिलेला वेग संपेपर्यंत चाक थांबत नाही. तसेच फलोन्मुख झालेले कर्म भोगल्यावाचून क्षीण होत नाही. (विजेच्या चाकाला हा दृष्टांत लागू पडत नाही. तेथे कळ दाबून ठेवलेली असते आणि वेग प्रतिक्षणी नवा मिळत असतो.)

स्टोइक तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात या चाकाचा उल्लेख करण्याचे कारण असे की, ख्रिसिप्पसचा प्रसिद्ध दंडगोलाचा दृष्टांत वाचताना मराठी वाचकाच्या मनात नकळत हेच चाक फिरू लागते. दोन्ही दृष्टांतांत कोणीतरी गती देतो, आपला हात काढून घेतो आणि वस्तू पुढे फिरत राहते. एवढ्या साम्यावरून ख्रिसिप्पस म्हणजे ग्रीसमधील प्रारब्धवादी आणि स्टोइक ज्ञानी म्हणजे गीतेतील स्थितप्रज्ञ, असे समीकरण मांडले जाते. ते सोयीचे आहे. परंतु मूळ वचनांपुढे ते टिकत नाही.

प्रथम आधारग्रंथांचा विचार केला पाहिजे. डायोजिनीस लेअर्शियस ख्रिसिप्पसच्या ग्रंथांची संख्या ७०५ देतो. त्यांपैकी एकही पूर्ण स्वरूपात उरलेला नाही. दंडगोलाचा दृष्टांत मुख्यतः दोन ठिकाणी आढळतो. एक, सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये लिहिलेला नियतीविषयक ग्रंथ. त्याचा आरंभ व अंत दोन्ही नष्ट झाले आहेत, आणि त्याचा कर्ता स्टोइक नसून अकॅडमीच्या संशयवादी परंपरेचा अनुयायी आहे. दुसरे, इ. स. च्या दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियसच्या ग्रंथाच्या सातव्या खंडातील दुसरे प्रकरण. फॉन आर्निमने १९०३ ते १९०५ या काळात प्राचीन स्टोइकांची वचने संकलित केली, त्यांत हे दोन उतारे ९७४ आणि १००० अशा दूरदूरच्या क्रमांकांखाली पडले आहेत. ज्या विद्यार्थ्याने एकच पाहिला, त्याच्या हाती अर्धाच दृष्टांत लागतो. लाँग आणि सेडली यांच्या १९८७ च्या द्विखंडात्मक संग्रहात ते नैतिक उत्तरदायित्वाच्या एकाच विभागात एकत्र येतात, आणि तेथून आरंभ करणे अधिक हितावह आहे.

गेलियसच्या वृत्तांताचा आशय असा : उतारावर दगडी दंडगोल ढकलला, तर त्याच्या गडगडण्याचा आरंभ ढकलणाऱ्याकडून झाला हे खरे, पण नंतर तो गडगडतो तो ढकलणारा अजून ढकलीत असतो म्हणून नव्हे, तर त्याचा आकारच तसा आहे म्हणून. घरातील पाटा आणि वरवंटा यांच्यावरून हे सहज ध्यानात येते. एकाच उतारावर दोन्हींना सारख्याच जोराचा धक्का द्यावा. वरवंटा घरंगळत जाईल, पाटा थोडा सरकून बसून राहील. धक्का एक, परिणाम दोन. परिणामांतील भेदाचे कारण धक्क्यात शोधून सापडणार नाही.

कुलालचक्राहून हा दृष्टांत मुळातच निराळा ठरतो तो येथे. चाकाच्या दृष्टांतात महत्त्व वेगाला आहे. तो वेग मागून आलेला आहे, आणि चाकाला आता करण्यासारखे काही उरलेले नाही. म्हणूनच तो दृष्टांत ज्ञानोत्तर अवस्थेला, ज्याचे कर्तृत्व संपले अशा पुरुषाला लावला जातो. दंडगोलाच्या दृष्टांतात महत्त्व आकाराला आहे. धक्का म्हणजे बाह्य वस्तूचा मनावर उमटणारा ठसा, ज्याला ग्रीकमध्ये 'फंतासिया' म्हणतात. घरंगळणे म्हणजे त्या ठशाला मनाने दिलेली अनुमती. अपमानाचा शब्द कानी पडला हा धक्का होय; 'माझे अहित झाले' असे मनाने मान्य केले ही अनुमती होय, आणि क्रोध त्या अनुमतीतून निघतो. ख्रिसिप्पस बोलत आहे तो कर्तृत्व संपलेल्या सिद्धाविषयी नव्हे, तर बाजारात भांडणाऱ्या कोणत्याही माणसाविषयी.

त्यामुळे त्याला प्रारब्धवादी म्हणणे अधिकच चुकीचे ठरते. नियतीवादाविरुद्ध ग्रीसमध्ये 'आळशी युक्तिवाद' या नावाने एक आक्षेप प्रचलित होता : रोग बरा होणे नियत असेल तर वैद्य बोलावला काय आणि न बोलावला काय, सारखेच. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' या म्हणीचाच हा तर्कशास्त्रीय अवतार होय. ख्रिसिप्पसने त्याचे खंडन केल्याचे सिसेरो सांगतो. रोग बरा होणे नियत असेल, तर वैद्य बोलावणेही त्याच्याबरोबरच नियत असते. साधन वगळून साध्य नियत होत नाही. खाटल्यावरच्या माणसाला या मतात मुळीच आधार नाही.

गोंधळाचे दुसरे मूळ शब्दांत आहे. सिसेरो पूर्ण व प्रमुख कारण आणि सहायक व निकटचे कारण असा भेद करतो. दुसऱ्या प्रकाराला मराठीत 'निमित्त' म्हणण्याचा मोह स्वाभाविक आहे, आणि बोलीभाषेतील अर्थाने तो शब्द चपखलही बसतो. मात्र न्यायशास्त्रात घटाचे निमित्तकारण खुद्द कुंभार असतो. तेथे निमित्त गौण नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायातील 'निमित्तमात्र' तर माणसालाच उद्देशून आहे. तेथे अर्जुन निमित्त, आणि खरा कर्ता त्याच्या पलीकडचा. ख्रिसिप्पसची मांडणी याच्या नेमकी उलट आहे : बाहेरून आलेली घटना निमित्त, आणि प्रमुख कारण माणूस. एकच शब्द दोन्हींकडे योजला, तर विरोध झाकला जातो आणि साम्याचा आभास उरतो. 'आरंभक कारण' हा शब्द रूक्ष आहे, पण तो अशी फसवणूक करीत नाही.

मराठीत या प्रश्नाची सर्वांत समर्थ चर्चा टिळकांच्या 'गीतारहस्या'तील 'कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य' या दहाव्या प्रकरणात आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात लिहिलेला हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. संचित, प्रारब्ध व क्रियमाण या रूढ त्रिविध विभागणीऐवजी टिळक वर उल्लेखिलेल्या सूत्राच्या आधाराने प्रारब्ध आणि अनारब्ध असे दोनच भेद ग्राह्य मानतात. त्यांचे खरे उत्तर मात्र या विभागणीत नाही. कर्माची साखळी प्रकृतीच्या क्षेत्रात अतूट आहे, पण आत्मा त्या क्षेत्राबाहेरचा आहे, आणि मोक्षाकडे वळण्याची प्रेरणा त्या बाहेरच्या आत्म्याकडून येते, हे त्यांचे उत्तर होय. ख्रिसिप्पसला अशी बाहेरची जागा उपलब्धच नाही. त्याच्या मते आत्माही शारीर आहे आणि त्याच विश्वाचा अंश आहे. तेव्हा टिळकांच्या विचारात स्वातंत्र्य म्हणजे साखळीबाहेर असणे. ख्रिसिप्पसच्या विचारात साखळीतील एक कडी स्वतः असणे. दोन्ही पक्ष दैववादाचा निषेध करतात एवढ्यावरून त्यांना एका पंक्तीत बसवणे, म्हणजे दोघांच्याही तत्त्वमीमांसेकडे पाठ फिरवणे होय.

अर्वाचीन संशोधनाने हा भेद अधिक रेखीव केला आहे. सुझॅन बॉब्झिन यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, 'आपल्या आधीन' या पदाने ख्रिसिप्पसला त्याच परिस्थितीत वेगळे करता येण्याची शक्यता अभिप्रेत नाही. कृतीचे प्रमुख कारण आपण आहोत, एवढेच अभिप्रेत आहे. इच्छास्वातंत्र्याचा आज परिचित असलेला प्रश्न त्यानंतर कित्येक शतकांनी आकाराला आला. गाडीला बांधलेल्या कुत्र्याचा जो दृष्टांत स्टोइकांच्या नावे सर्वत्र सांगितला जातो, त्याचा ख्रिसिप्पसशी संबंध त्यांना संशयास्पद वाटतो. तो इ. स. च्या तिसऱ्या शतकातील हिप्पोलिटस या ख्रिस्ती लेखकाकडून आलेला आहे, हे पाहता त्यांचा संशय रास्त म्हणावा लागेल. शिवाय तो कुत्रा प्रारब्धवादाला जितका जवळचा आहे, तितका दंडगोल नाही. लोकप्रिय पुस्तकांत कुत्राच का आढळतो, याचे कारण कदाचित हेच असावे.

तरीही दंडगोलाच्या दृष्टांतात एक उणीव राहतेच, आणि प्राचीनांच्या ती नजरेतून सुटली नव्हती. इ. स. २०० च्या सुमारास ऍफ्रोडिसियसच्या अलेक्झांडरने विचारले की, आपापल्या स्वभावानुसार वागणे एवढेच स्वाधीनतेचे लक्षण असेल, तर खाली पडणारा दगड आणि जाळणारा अग्नी यांनाही स्वाधीन का म्हणू नये? अनुमती ही बुद्धिमान प्राण्याचीच क्रिया आहे, असे स्टोइकांच्या बाजूने उत्तर देता येते. पण वरवंट्याला वरवंट्याचा आकार कोणी दिला, हा प्रश्न त्याने मिटत नाही. गेलियसच्या वृत्तांतात जन्मजात प्रकृती आणि शिक्षण यांचा उल्लेख येतो. या दोन्ही गोष्टी माणसाने स्वतः निवडलेल्या नसतात. कर्मसिद्धांताजवळ येथे निदान एक उत्तर आहे : आजचा आकार पूर्वकृतीनेच घडला. स्टोइकांना पुनर्जन्म मान्य नसल्यामुळे हा मार्ग त्यांना बंद आहे. मात्र कर्म अनादि आहे असे टिळकही मानतात, आणि अनादि म्हटल्यावर पहिला आकार कोणाचा हा प्रश्न त्यांच्यापुढेही तसाच उभा राहतो.