परवडणारी स्पोर्ट्स कूपे घ्यावी का? टोयोटा ८६ चं परीक्षण

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता, आजचं बोलणं त्याच्याभोवतीच आहे. न्यू जर्सीत नोकरी करणारा एक मराठी तरुण. शिक्षणाचं कर्ज नुकतंच फिटलंय, लग्न पुढच्या वर्षी. त्याला टोयोटाची जीआर ८६ घ्यायची आहे. घरचे म्हणतात, तेवढ्याच पैशांत चार दारांची चांगली गाडी येते, ही दोन दारांची कशाला? त्याने विचारलं, "सांगा, कोण बरोबर?"

ही गाडी भारतात कधी अधिकृतपणे विकली गेली नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना वाटेल, आम्हाला काय त्याचं? पण हौसेची वस्तू संसाराच्या पैशातून घ्यायची तर ती कशी जोखायची, हा प्रश्न सगळ्यांचाच आहे. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या गाडीवर टीका भरपूर होते, पण ती बहुतेक वेळा भलत्याच जागी होते. जिथे व्हायला हवी तिथे मात्र फारसं कोणी बोलत नाही.

आधी थोडी ओळख. २०१२ मध्ये टोयोटा आणि सुबारू या दोन जपानी कंपन्यांनी मिळून ही गाडी आणली. टोयोटाच्या बाजूने तेत्सुया तादा हे मुख्य अभियंते होते. इंजिन सुबारूचं, त्यातलं इंधन फवारण्याचं तंत्र टोयोटाचं, आणि गाडी तयार होते जपानच्या गुनमा प्रांतात, ओता शहरातल्या सुबारूच्या कारखान्यात. एकाच गाडीची नावं अनेक. सुबारूकडे ती बीआरझेड, युरोपात टोयोटा जीटी ८६, अमेरिकेत सुरुवातीला सायन एफआर-एस. तिथे किंमत पंचवीस हजार डॉलरच्या आत ठेवली होती. ८६ हा आकडा आला १९८३ च्या एई८६ कोरोलावरून. हलकी, साधी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी. जपानी पोरं तिला 'हाची-रोकु' म्हणतात, म्हणजे नुसतं 'आठ-सहा'.

आता टीकेकडे येऊ. पहिला आक्षेप कायम एकच: ताकद कमी. पहिल्या पिढीत दोन लिटरचं इंजिन, २०० अश्वशक्ती. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरला ७.६ सेकंद. लोक म्हणाले, ही कसली स्पोर्ट्स कार?

बघा, यात अर्धं खरं आहे. खरा दोष अश्वशक्तीत नव्हता, टॉर्कमध्ये होता. टॉर्क म्हणजे, साध्या भाषेत, इंजिनाचा ओढण्याचा जोर. तो २०५ न्यूटन मीटर होता आणि पुरा मिळायचा सहा हजार चारशे आरपीएमला. त्यात मध्येच, चार हजारांच्या आसपास, एक खड्डा होता. म्हणजे हायवेला लागताना, मागून ट्रक येतोय, तुम्ही पाय दाबलाय आणि गाडी क्षणभर विचार करतेय. हा दोष चालवणाऱ्याला रोज जाणवतो.

दुसऱ्या पिढीत, म्हणजे अमेरिकेत २०२२ च्या मॉडेलपासून, इंजिन २.४ लिटरचं झालं. २२८ अश्वशक्ती, आणि महत्त्वाचं म्हणजे २५० न्यूटन मीटर टॉर्क आता ३,७०० आरपीएमलाच मिळतो. खड्डा बुजला. १०० चा आकडा ६.३ सेकंदांवर आला. वजन सुमारे १,२७५ किलो, म्हणजे आजच्या मानाने हलकीच.

तरी 'ताकद कमी' म्हणणारे आहेतच. त्यांना आमचा प्रश्न असा की, जास्तीची ताकद वापरणार कुठे? हायवेवर मर्यादा ५५ किंवा ६५ मैलांची. साडेचारशे अश्वशक्तीची गाडी तिथे काही सेकंदांत पोचते, आणि मग उरलेला तासभर तुम्ही नुसते बसून असता. या गाडीची मजा वेगळ्या जागी आहे. इंजिनाचे पिस्टन आडवे पडलेले, त्यामुळे इंजिन बुटकं आणि खाली बसवलेलं. वजन जमिनीलगत राहतं. आम्ही ही गाडी न्यू जर्सीच्या वायव्य टोकाला, डेलावेअर वॉटर गॅपच्या आसपासच्या वळणांवर चालवली. ताशी चाळीस मैलांना स्टिअरिंगमधून रस्ता कळतो, मागचं चाक काय करतंय ते बसल्या जागी कळतं. लायसन्स धोक्यात न घालता मिळणारी मजा, ही या गाडीची खरी कमाई.

टायरवरूनही हिची थट्टा झाली. पहिल्या पिढीला मिशेलिनचे प्रायमसी टायर होते, प्रियससारख्या सरळमार्गी गाडीला बसतात त्या जातीचे. लोक हसले. पण त्यात हिशोब होता. पकड बेताची असली की गाडी कमी वेगात घसरायला लागते, आणि शिकणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो. आम्हाला हा निर्णय पटतो.

मग टीका करायची कुठे? इथे जरा थांबू.

एक, मागची सीट. कागदावर चार माणसं. प्रत्यक्षात पुढे उंच माणूस बसला की मागे पाय ठेवायला जागाच नाही. तिथे दप्तर बसेल, किराणा बसेल, आई बसणार नाही. बसली तरी उतरताना तुम्हाला काय ऐकवेल ते आम्ही सांगत नाही. मागची पाठ एकसंध आडवी पडते आणि मग चार सुटी चाकं आत मावतात, हे टोयोटा कौतुकाने सांगते. रेस ट्रॅकवर जाणाऱ्याला ते सोयीचं, विमानतळावरून सासू-सासऱ्यांना आणणाऱ्याला नाही.

दोन, हिवाळा. कंपनीतून येणारे टायर उन्हाळी असतात. न्यू जर्सीच्या बर्फात, तेही मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला, ते चालत नाहीत. हिवाळी टायरचा दुसरा संच घ्यायचाच, आणि तो ठेवायला जागा हवी. हा खर्च जाहिरातीतल्या किमतीत नसतो.

तीन, पेट्रोल. महागडं प्रीमियमच लागतं. हाताच्या गिअरच्या गाडीचा सरकारी सरासरी आकडा गॅलनला २२ मैल, म्हणजे लिटरला साधारण साडेनऊ किलोमीटर. जवळपास त्याच किमतीची, चार दारांची, हाताच्या गिअरची होंडा सिव्हिक एसआय ३१ मैल देते. घरच्यांचं म्हणणं हवेतलं नाही, त्यांच्या बाजूला एक खरी, चांगली गाडी उभी आहे.

चार, जुनी घेणाऱ्यांसाठी. २०१८ मध्ये पहिल्या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगसाठी परत बोलावल्या गेल्या. स्प्रिंग तुटून इंजिन बंद पडण्याचा धोका होता. काम सोपं नव्हतं, त्यासाठी इंजिन बाहेर काढावं लागत होतं. म्हणून २०१३ चं मॉडेल स्वस्तात मिळालं तर चॅसी नंबर टाकून ते काम झालंय का ते आधी बघा, आणि कोणी केलं त्याचे कागद मागा. कागद नसतील तर गाडी सोडा.

तर कोण बरोबर? दोघंही बरोबर, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. मुलगा विचारतोय, 'गाडी चांगली आहे का?' हो, आहे, फार चांगली आहे. घरचे विचारतायत, 'घरात एकच गाडी असेल तर ती ही असावी का?' नाही. लग्नानंतर एकच गाडी ठेवणार असाल, आई-वडील सहा महिने राहायला येणार असतील, तर सिव्हिक घ्या आणि मन खाऊ देऊ नका. तीही चालवायला मजेची आहे.

पण जोडीदाराची दुसरी गाडी दाराशी असेल, पुढची चार वर्षं मागे कोणी बसणार नसेल, तर ८६ घ्या. दुसऱ्या पिढीची, हाताच्या गिअरची, खालच्या व्हेरियंटची घ्या. वरच्या व्हेरियंटमध्ये अठरा इंची चाकं आणि गरम होणाऱ्या सीट मिळतात, त्याऐवजी तो पैसा हिवाळी टायरला लावा. हाताच्या गिअरमध्येही आपोआप ब्रेक लावणारी सुरक्षा हवी असेल, तर २०२४ नंतरचं मॉडेल बघा. आणि एकदा तरी तिला ट्रॅकवर न्या, गल्लीत नको.

शेवटी एक. युरोपात २०२४ च्या नव्या सुरक्षा नियमांमुळे ही गाडी दोनच वर्षं विकली गेली. अशा गाड्या कमी होतायत, हे खरं. पण 'पुढे मिळणार नाही' या भीतीने हप्ता डोक्यावर घेऊ नका. होणाऱ्या बायकोला शेजारी बसवून एकदा चालवून बघा, मग ठरवा. तिला मागच्या सीटवरही एकदा बसवा. निम्मा निर्णय तिथेच होईल.

आता प्रश्न घेऊ.