टळलेल्या वादळाचा पुरावा

जोसेफ कॉनरॅडची 'टायफून' ही दीर्घकथा 1902 साली प्रसिद्ध झाली. समुद्रावरील वादळाचे तिच्यातील वर्णन इंग्रजी वाङ्मयात अप्रतिम गणले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिची स्तुती करणारे बहुधा त्या वादळाची तरी स्तुती करतात, नाही तर त्याला तोंड देणाऱ्या कप्तानाच्या धैर्याची. आम्हांस मात्र ती वाचताना निराळाच प्रश्न पडतो. हे जहाज त्या वादळात सापडावेच का? कथेत ह्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते एखाद्या वकिलाला साजेल इतके चतुर आहे, आणि आमच्या मते ते चूक आहे.

कथानक थोडक्यात असे. 'नान-शान' ही आगबोट चीनच्या फूचौ बंदराकडे निघाली आहे. तिच्या पोटात परमुलखात काही वर्षे राबून घरी परतणारे दोनशे चिनी मजूर आहेत, आणि प्रत्येकाच्या पेटीत त्याच्या कष्टाचे रुप्याचे डॉलर आहेत. वायुभारमापकाचा पारा उतरत आहे, समुद्राला विलक्षण लाटा येत आहेत. बोटीचा दुय्यम अधिकारी ज्यूक्स सुचवतो की उतारूंचे हाल टळावेत म्हणून बोटीचे तोंड थोडे वळवावे. ह्यावर कप्तान मॅकव्हरला पहिले आश्चर्य वाटते ते असे की, ह्या मजुरांना कोणी 'उतारू' म्हणते! वादळांविषयीच्या पुस्तकातील प्रकरण त्याने वाचलेले आहे; पण वादळाला वळसा घालण्याची ती विद्या त्याला पटत नाही. तीनशे मैलांचा फेरा पडणार, कोळशाचे बिल वाढणार. शिवाय, बंदरात उशिरा पोचल्यावर मालकांनी कारण विचारले तर काय सांगावे? वादळ चुकवले असे म्हणावे, तर ते किती मोठे होते हे तो सांगू शकणार नाही, कारण ते त्याने पाहिलेलेच नसणार!

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टळलेल्या संकटाचा पुरावा मागे उरत नाही, ही अडचण खरी आहे. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे असे जाणावे, हे न्यायशास्त्राचे उदाहरण कीर्तना-प्रवचनांतून आपल्या कानांवरून अनेकदा गेलेले आहे. मॅकव्हर हा समुद्रावरचा चार्वाक होय. प्रत्यक्षाखेरीज दुसरे प्रमाण तो मानीत नाही. धूर पाहूनही अग्नीचा चटका बसेपर्यंत तो थांबतो.

परंतु ज्या अनुमानाला तो पुस्तकी म्हणतो, ते कोणाच्या प्रत्यक्षावर उभे होते? कलकत्त्यास स्थायिक झालेले हेन्री पिडिंग्टन हे तेथील नौका-अपघातांच्या चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते. 1839 पासून त्यांनी वादळात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिश्या मिळवून, एखाद्या न्यायाधीशाने साक्षी ताडून पाहाव्यात तशा ताडून पाहिल्या. बंगालच्या उपसागराप्रमाणेच चिनी समुद्रातील वादळांचाही त्यांनी अभ्यास केला. 1848 च्या आपल्या ग्रंथात सापाच्या वेटोळ्यावरून त्यांनी ह्या वादळांना 'सायक्लोन' हे नाव दिले. वारा कोणत्या दिशेने वाहतो त्यावरून वादळाचे केंद्र कोठे असावे आणि जहाज कोठे न्यावे, हे खलाशाला सांगणारी ती विद्या होती. जे बुडाले आणि जे थोडक्यात वाचले त्या सर्वांचे प्रत्यक्ष तिच्यात साठलेले होते.

पुढे मनिलाच्या वेधशाळेतील जेझुइट पाद्री फेदेरिको फाउरा ह्यांनी 7 जुलै 1879 रोजी तुफानाचा पहिला जाहीर इशारा दिला. 1880 मध्ये मनिला व हाँगकाँग ह्यांच्यामध्ये समुद्रतळातून तार टाकली गेली आणि इशारा वादळापेक्षा जलद धावू लागला. चिनी किनाऱ्यावरच्या नाखव्यांना ही केवढी प्राप्ती होती! तरीही इशारा देणारा कायम आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. हाँगकाँगच्या वेधशाळेचे प्रमुख डोबर्क ह्यांनी मनिलाचे इशारे विनाकारण घबराट पसरवतात अशी तक्रार अमेरिकन हवामान खात्याकडे केली, आणि 1899 मध्ये मनिलाहून बाहेर इशारे पाठवण्यास काही काळ बंदी झाली. हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांनी व वृत्तपत्रांनी ओरड केल्यावर ती उठली. त्यानंतर 18 सप्टेंबर 1906 रोजी हाँगकाँगवर तुफान आले, तेव्हा ते अंगावर येण्यापूर्वी अगदी थोडाच अवधी असताना धोक्याची सूचना झाली. सुमारे 10,000 माणसे मेल्याचा अंदाज दिला जातो. त्यांत होड्यांवर संसार करणारे गरीब लोक फार होते. चौकशी समितीने निर्णय दिला की ह्याहून आधी सूचना देणे वेधशाळेला शक्य नव्हते. म्हणजे इशारा खोटा ठरला तर घबराटीचा आरोप, आणि उशिरा आला तर हत्येचा. खरा ठरला आणि लोक वाचले, तर मात्र कोणाला काही आठवत नाही.

आता कथेकडे पुन्हा वळू. कॉनरॅड मॅकव्हरच्या बाजूचा आहे काय? ह्या कथेचे सामर्थ्य असे की तो उघडपणे कोणाचीच बाजू घेत नाही. वादळाचा पहिला अर्धा भाग तो पानोपानी रंगवतो, मधली भयाण शांतता दाखवतो, आणि दुसरा अर्धा भाग जवळजवळ गाळूनच मोडकळलेली बोट एकदम फूचौला आणून उभी करतो. कप्तान बायकोला जे पत्र लिहितो त्यात आपण जगत नाही असे वाटल्याचा उल्लेख असतो. ती बाई पाने चाळते आणि नेमके तेवढेच वाचत नाही. प्रत्यक्ष अनुभवाची साक्षही न वाचलेली राहते, हा टोला मॅकव्हरच्या तत्त्वज्ञानाला जिव्हारी लागणारा आहे. आमचा आक्षेप लेखकाला नसून, ह्या कथेतून 'धैर्य हेच शहाणपण' असा धडा काढणाऱ्या वाचकाला आहे.

तळघरात कोंडलेल्या त्या दोनशे जणांच्या पेट्या वादळात फुटतात, डॉलर विखुरतात, मारामारी होते. शेवटी कप्तान सर्व रक्कम समान वाटतो आणि उरलेले तीन डॉलर सर्वांत जबर जखमी झालेल्या तिघांना देतो. हा न्याय सुंदर आहे. टीकाकारांनी त्याची वाखाणणी केली आहे ती रास्त आहे. पण हा नुकसानीनंतरचा न्याय झाला. कायदा एवढ्यावर थांबत नाही. भावी अपायाची वाजवी भीती दाखवता आली, तर अपाय होण्यापूर्वीच न्यायालय मनाई हुकूम देते. भिंत अंगावर पडेपर्यंत वाट पाहा असे फिर्यादीला सांगत नाही. आणि दुसऱ्यांचे प्राण ज्याच्या हाती आहेत, त्याने वाजवी अनुमानाकडे पाठ फिरवली तर ती त्याची शूरता न ठरता हयगय ठरते. आपले धैर्य आजमावण्याचा हक्क मॅकव्हरला होता. त्या मजुरांचे आजमावण्याचा नव्हता. त्यांना कोणी विचारले नव्हते.

ही गोष्ट दूरच्या समुद्राची म्हणून सोडून देता येत नाही. गोव्याच्या व कोकणच्या किनाऱ्यावरची कित्येक घरे तारवट्यांच्या कमाईवर उभी राहिली आहेत. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ ह्याच किनाऱ्याजवळून वर सरकले. आता आकाशातून उपग्रह वादळाची वाटचाल पाहतात. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून निघत होते. तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातील कामगारांची पी-305 ही तरंगती वसाहत तेथेच राहिली. तिचे नांगर तुटले आणि 17 मे रोजी ती बुडाली. तिच्यावर 261 माणसे होती. त्यांपैकी 70 हून अधिक दगावली. कायद्याच्या दृष्टीने दोष कोणाचा, हे येथे ठरवण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण 'टायफून' वाचणाऱ्याला एवढे दिसावे की वेधशाळेची विद्या शंभर वर्षांत कितीतरी पुढे गेली, आणि तिचा इशारा हाती पडल्यावर वळसा घालायचा की नाही हा प्रश्न जागच्या जागी राहिला.

म्हणून ही कथा अवश्य वाचावी. कप्तानाच्या धैर्याला दाद द्यावी, आणि मग पान उलटण्यापूर्वी एकदा तळघरात डोकवावे. जो कप्तान वळसा घालून, कोळसा जाळून, दोन दिवस उशिरा बंदरात येतो आणि ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीच नसते, त्याच्यावर कोणी कथा लिहीत नाही. पण त्याचे उतारू आपापल्या पेट्या डोक्यावर घेऊन घरी जातात. टळलेल्या वादळाचा पुरावा तेवढाच असतो, आणि तो पुरेसा आहे.