‘मागासलेला’ या शब्दाविषयी

संविधानसभेची इतिवृत्ते ही राज्यशास्त्राच्या अभ्यासकांची मिरास समजली जाते. वाङ्मयसमीक्षक त्यांकडे सहसा वळत नाही. वस्तुतः एका विशेषणाच्या अर्थावरून इतका दूरगामी वाद साहित्याच्या क्षेत्रातही क्वचितच झाला असेल. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी सभेपुढे मसुद्याचे दहावे, म्हणजे आजचे सोळावे, कलम होते. सरकारी नोकऱ्यांत सर्वांना समान संधी देणाऱ्या या कलमाने ‘बॅकवर्ड’ नागरिकवर्गांसाठी जागा राखून ठेवण्याची मुभा राज्याला दिली होती. काही सभासदांना ही मुभाच नको होती. हृदयनाथ कुंझरूंना तिला दहा वर्षांची मर्यादा हवी होती. अनुसूचित जातींच्या काही प्रतिनिधींची तक्रार मात्र निराळी होती. हे विशेषण इतके सैल आहे की त्यात कोणीही शिरेल आणि ज्यांच्यासाठी ते योजले तेच बाहेर राहतील, अशी त्यांना धास्ती होती. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी तर मसुदा समितीने वकिलांसाठी नंदनवन निर्माण केले, असा टोमणा मारला.

आंबेडकरांचे उत्तर गद्याचा नमुना म्हणूनही वाचण्याजोगे आहे. समान संधीचे तत्त्व आणि आजवर कारभाराबाहेर ठेवलेल्या समाजांचा हक्क या दोहोंची सांगड घालावयाची, तर अपवादाने नियम गिळता कामा नये. सत्तर टक्के जागा राखून ठेवल्यावर समान संधी उरली असे कोण म्हणेल? हे विशेषण त्या अपवादाला कुंपण घालण्यासाठी होते. मागासलेला कोण, हे मात्र त्यांनी त्या त्या सरकारच्या मतावर सोपविले. ही संदिग्धता निष्काळजीपणाची नव्हे, हेतुपुरस्सर होती.

परंतु कुंपणासाठी आणलेला शब्द पुढे निदान म्हणून वापरला जाऊ लागला, आणि घोटाळा झाला तो तेथे. मराठी पर्यायाकडे पाहिले की हे चटकन ध्यानात येते. ‘मागासणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. जो मागासतो तो आपला आपण मागासतो. हिंदीतील ‘पिछड़ा’ची घडणही अशीच. याउलट ‘बहिष्कृत’ आणि ‘दलित’ ही कर्मणी धातुसाधिते आहेत : बहिष्कार घालणारा आणि दळणारा कोणी तरी असल्याखेरीज ती सिद्धच होत नाहीत. १९२७ साली आंबेडकरांनी आपल्या पत्राला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले, तेव्हा आरोप नावातच होता. संविधानाच्या कलमाला आरोपपत्राची भाषा परवडत नाही, हे मान्य. पण कर्ता गाळला गेल्याबरोबर पुराव्याचे ओझे सोसणाऱ्यावर पडले. तू किती मागे, हे तू सिद्ध कर. तुला मागे कोणी ठेवले, हा प्रश्न प्रस्तुत नव्हे.

१९५३ साली या शब्दाला निकष लावण्याचे काम आले ते एका साहित्यिकाकडे, हा योगायोग मोठा बोलका आहे. काका कालेलकर हे साताऱ्याचे. मातृभाषा मराठी, कर्तृत्व बव्हंशी गुजरातीत. त्यांच्या आयोगाने १९५५ साली २,३९९ जातींची यादी सादर केली, सर्व स्त्रियांनाही मागास वर्गात गणावे असे सुचविले. आणि अहवालासोबतच्या पत्रात अध्यक्षांनी जात या निकषावरचाच आपला विश्वास उडाल्याचे कळविले. एकाच लेखकाने एकाच ग्रंथात स्वतःचे असे खंडन केल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल. त्यांची व्यथा खरी होती, यात शंका नाही. पण जात हे दुखणे असेल तर तिचे नाव न घेता औषध कसे द्यावे, याचे उत्तर त्या पत्रात नाही. शासनाला ते पत्र सोयीचेच ठरले. अहवाल बाजूला पडला.

१९८० च्या मंडल आयोगाने अकरा निर्देशक ठरवून गुण दिले. एकूण गुण बावीस. सामाजिक निर्देशकांना प्रत्येकी तीन, शैक्षणिकांना दोन, आर्थिकांना एक. शालान्त परीक्षेच्या धर्तीवरचे हे गणित पुष्कळांच्या थट्टेचा विषय झाले, आणि थट्टेच्या भरात पहिल्या निर्देशकाच्या शब्दरचनेकडे दुर्लक्ष झाले. इतर ज्यांना सामाजिकदृष्ट्या मागास समजतात अशा जाती, असा त्याचा आशय आहे. १९४८ च्या वादात जो कर्ता कोठेच नव्हता तो ‘इतर’ या सर्वनामाच्या आडून का होईना, येथे वाक्यात आला. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’ ही नवी संज्ञा रूढ केली, तीत उत्पन्नाचा आकडा आहे, ‘इतर’ नाहीत.