आहेराची वही आणि हप्त्याचे पुस्तक

'चंगळवाद' हा शब्द दिवाळी अंकांच्या वाचकाला नवा नाही. १९९१ नंतरच्या कोणत्याही वर्षीचे चार-सहा अंक चाळले, तर या शब्दाभोवती फिरणारा एखादा तरी लेख हाती लागतो. त्याची मांडणी साधारण ठरलेली असते. घरात वस्तू वाढल्या, माणसे दुरावली. पूर्वी नाती होती, आता व्यवहार आहे. हे लिहिणारे आणि वाचणारे सगळेच तो अंक विकत घेतात आणि त्याची निम्मी पाने जाहिरातींवर उभी असतात. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपले वाङ्मयीन वर्ष सणाच्या खरेदीशी बांधलेले आहे. बाजाराच्या बाहेर उभे राहून बाजारावर बोलण्याची सोय आपल्याला कधी नव्हतीच.

माझी तक्रार ढोंगाबद्दल नाही. 'चंगळवाद' हा शब्द माणसाच्या हावेला दोष देतो आणि तिथेच थांबतो. त्यामुळे पोराने मोटारसायकल मागितली की पोरगा दोषी, सुनेने फ्रीज मागितला की सून दोषी. पैसा कोणी पुढे केला, कोणत्या व्याजाने केला, आणि तो पूर्वी कोणाकडून येत असे, हे प्रश्न या शब्दात मावत नाहीत. माझ्या मते ग्राहकसंस्कृतीने नात्यांत घडवलेला मुख्य बदल या प्रश्नांत आहे. हाव जुनीच आहे. बदलला तो सावकार.

हाव जुनी आहे, हे सांगायला दौलताबादसारखे ठिकाण नाही. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी इथे आणली. तिच्यासोबत दिल्लीकडचे विणकर आले आणि त्यांच्याबरोबर हिमरूची कला आली, असे या भागात सांगितले जाते. उगमाची कथा बाजूला ठेवली तरी कापड काय सांगते ते महत्त्वाचे. किनखाबात सोन्याचांदीची जर असे, ते शाही अंगावरचे वस्त्र. हिमरूत उभा धागा सुती आणि आडवा रेशमी. दिसायला किनखाबाच्या जवळ, किमतीने पुष्कळ खाली. ज्याला किनखाब परवडत नाही, त्याने अंगावर मिरवायचे कापड म्हणजे हिमरू. वरच्याकडे पाहून खालच्याने आपली पायरी उंचावण्याची ही धडपड थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये अमेरिकी श्रीमंतांच्या संदर्भात मांडली. आमच्याकडे ती कित्येक पिढ्या आधीपासून मागावर विणली जात होती.

मग नवे काय? ते शोधण्यासाठी गेली काही वर्षे मी दौलताबाद, माळीवाडा, अब्दीमंडी या भागातल्या ओळखीच्या घरांतून आहेराच्या वह्या पाहतो आहे. लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक शहाणा माणूस वही घेऊन बसतो. गाव, नाव आणि रक्कम किंवा वस्तू, एवढेच रकाने. जुन्या वह्यांत तांब्या, गडवा, वाटी, लुगडे, टोपी-टॉवेल अशा नोंदी सापडतात. पुढे अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक असे आकडे. कार्य उरकले की वही ट्रंकेत जाते. पुढे त्या घरून पत्रिका आली की ती बाहेर निघते, आपल्याकडे किती आले होते ते पाहिले जाते आणि त्याहून थोडे जास्त नेले जाते. तितकेच नेले तर हिशेब मिटला, म्हणजे संबंध मिटला, असा अर्थ निघू शकतो. म्हणून वरचा रुपया.

फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये दानावर निबंध लिहिला. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने मिळून समाज उभा राहतो, असे त्याचे सूत्र. त्यासाठी त्यांनी मालिनोव्स्की यांनी १९२२ मध्ये वर्णन केलेल्या कुला या प्रथेचा आधार घेतला. पॅसिफिकमधल्या बेटांवर शिंपल्यांचे हार आणि कडी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहतात; कोणी ती कायमची ठेवून घेत नाही. हे वाचताना मराठवाड्यातल्या कोणालाही 'देण्याघेण्याच्या साड्या' आठवतील. दुकानात त्यांचा वेगळा गठ्ठा असतो. ती साडी नेसण्यासाठी घेतलेली नसते. घडी न मोडता ती चार घरे फिरते आणि कधी कधी पहिल्या घरी परत येते. आपण तिला हसतो. पण ती साडी वस्त्राचे काम करतच नाही. दोन घरे अजून एकमेकांचे देणे लागतात, एवढेच ती सांगते.

आहेराचे हे कर्ज विचित्र होते. त्याला व्याजाचा दर नव्हता आणि परतफेडीची तारीख नव्हती. तारीख ठरायची ती देणाऱ्याच्या घरच्या कार्याने, म्हणजे नेमकी त्याला पैशाची गरज असेल तेव्हा. परतफेड करणाऱ्याला त्या घरी जावे लागे, पंगतीला बसावे लागे, म्हातारीची चौकशी करावी लागे. दुष्काळाच्या साली आकडा खाली आला तर लोक मनात समजून घेत, कारण पाऊस सगळ्यांच्याच शिवारावर पडलेला नसे. नांगरटीची इर्जिक आणि बैलांची सावड ही याच हिशेबाची शेतातली रूपे.

आता दुसरे पुस्तक उघडू. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. दौलताबादच्या आसपासच्या गावांतली पोरे सायकलवर, मग कंपनीच्या बसने, मग स्वतःच्या गाडीवर कामाला जाऊ लागली. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, त्याच उद्योगसमूहाने दुचाकी-तीनचाकीसाठी कर्ज देणारी वेगळी कंपनी स्थापन केली. वस्तू आणि ती घेण्याचे कर्ज एकाच घराण्यातून येण्याची ही सुरुवात. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचे कारखाने उभे राहिले आणि टीव्ही हीही इथली वस्तू झाली. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरला होता. पण 'आंदण' आणि 'पोरीची हौस' या शब्दांना कायदा लागत नाही. बस्त्याच्या यादीत गाडी आली. जी गाडी जावयाचा चुलतभाऊ पाळीवर जोडत होता, तीच सासरा हप्त्याने घेऊ लागला.

हप्त्याच्या पुस्तकात गाव, नाव आणि रक्कम आहेच. शिवाय तारीख आहे. ती तारीख कोणाच्या कार्याची वाट पाहत नाही आणि पावसाची तर नाहीच. हे कर्ज फेडताना कोणाच्या घरी जावे लागत नाही, उलट ते अपरिचितांनी दिले म्हणूनच ते हवेसे वाटते. भावापुढे हात पसरण्यापेक्षा कंपनीपुढे सही करणे कमी लाजिरवाणे. पण नातेवाईक या पुस्तकातून पुरते बाद झालेले नाहीत. कर्जाच्या अर्जात 'संदर्भ' म्हणून दोघांचे फोन क्रमांक मागतात. हप्ता चुकला की फोन त्यांना जातो. आहेराच्या वहीत मामा देणारा होता. हप्त्याच्या पुस्तकात तो फक्त सापडण्याचा पत्ता आहे. नात्याची बदललेली जागा इतक्या नेमकेपणाने मला कोणत्याही समाजशास्त्रीय ग्रंथात दिसली नाही.

या बदलाचे सर्वांत झगझगीत दृश्य औरंगाबाद शहराने ऑक्टोबर २०१० मध्ये पाहिले. शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. मागास मराठवाड्याची प्रतिमा पुसली, असे कौतुक झाले. पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी दुसरी बाजू लिहिली: या गाड्यांसाठी स्टेट बँकेचे कर्ज ७ टक्क्यांनी मिळाले, तर शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून बराच जास्त दर पडत होता. साईनाथ यांचा मुद्दा व्याजाचा होता. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दीडशे जणांनी एकत्र येऊन, एकमेकांच्या भरवशावर, स्वस्तात काम साधणे ही सावडच होती. रचना जुनीच राहिली, फक्त नांगरायला कोणाचे शेत नव्हते. एकत्र येण्याचे निमित्त खरेदी झाले.

आपल्या साहित्याने हे कसे टिपले? महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' विजया मेहता यांनी १९८५ मध्ये रंगमंचावर आणले; वाळूजचा कारखाना सुरू झाला तेच वर्ष. नाटकातला देशपांड्यांचा वाडा बाजाराच्या आधीच कोसळू लागला आहे. दारात ट्रॅक्टर गंजत पडला आहे आणि तात्याजींच्या तेराव्याला गावजेवण घालण्यासाठी भास्कर वाड्याचा भाग विकायला काढतो. शिक्षण राहिलेली प्रभा घरात कुजते. सोने मात्र मिरवण्यासाठी राखले जाते आणि शेवटी रंजूबरोबर पळून जाते. हे नाटक सरंजामी ऱ्हासाचे म्हणून वाचले जाते, ते बरोबरच. पण त्यात एकही नवी चैनीची वस्तू नसताना घर दिखाव्याने बुडते, हे 'पूर्वी सगळे चांगले होते' म्हणणाऱ्यांनी पुन्हा पाहावे.

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) ही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली कादंबरी. शिकलेला, पण संस्थेला पैसे भरता येत नाहीत म्हणून नोकरीला न लागलेला एकनाथ आणि त्याला सोडून माहेरी जाणारी अलका. कादंबरीवरच्या बोलण्यात अलका अनेकदा 'चंगळवादी बायको' ठरते. मला हे वाचन अन्यायाचे वाटते. तिचे लग्नच मुळी एकनाथच्या होऊ घातलेल्या पगारावर बेतलेले होते. नोकरीची किंमत संस्थाचालकाने लावली, नवऱ्याची किंमत नोकरीने लावली. अलकाने फक्त ती किंमत खरी मानली. देशमुखांचे बळ असे की ते तिला खलनायिका करत नाहीत. तो शिक्का आपण, वाचकांनी, मारला. त्यानंतर वीस वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला आणि बायको मागितली. गर्भलिंगनिदान कायद्याची कडक अंमलबजावणी हीही त्यांची मागणी होती. बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. लग्नाच्या खर्चाच्या भीतीने मुली नाकारणाऱ्या घरांतले मुलगे आता नवरीसाठी रांगेत आहेत. हा हिशेब कोणा एका अलकाच्या फ्रीजवर टाकता येणार नाही.

इथे एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावा लागतो. आहेराच्या वहीत सगळे गाव नव्हते. ज्यांना पंगतीत जागा नव्हती, त्यांच्याशी गावाचा संबंध बलुत्याचा होता. तोही न फिटणारा हिशेब, पण अपमानाचा. त्यांच्यासाठी रोख पैसा ही सुटका होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की, जातीची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि कथलाचे, चांदीचे जड दागिने टाकून द्या. काय नेसावे हा प्रश्न तिथे चैनीचा नव्हता, माणुसकीचा होता. दुकानदार पैसे घेऊन जे कापड देतो ते जात न विचारता देऊ शकतो, ही बाजाराची बाजू 'चंगळवाद' म्हणणाऱ्यांना सहसा दिसत नाही, कारण त्यातल्या बहुतेकांना ते कापड आधीपासून मिळत होते. घरातल्या बाईचेही असेच. वहीत नाव नवऱ्याचे लिहिले जाई. तिने घातलेली भर तिच्या नावावर कधी आली नाही.

म्हणून जुनी वही परत आणा, असे मी म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढेच की, नात्यांना काम होते ते देण्याघेण्यामुळे, आणि ते काम आता वित्त कंपन्यांकडे गेले आहे. उरलेल्या नात्याला एकच भूमिका शिल्लक राहते, ती प्रेक्षकाची. लग्नाआधीचे चित्रीकरण, ड्रोन, लॉन्सवरची सजावट हे सारे पाहणाऱ्यासाठी असते आणि पाहणारा जेवून, फोटो काढून, काही न देता घरी जातो. शहरी पत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ आता सर्रास दिसते. काही घरांत ती प्रामाणिक सुधारणा आहे. देणाऱ्याला ओझे नको म्हणून छापलेली. पण तिच्या पाठीमागे पुष्कळदा दुसरा निरोपही असतो: आम्हाला तुमचे काही लागू नये. ज्याला कोणाचे काही लागत नाही, त्याच्याकडे अडचणीच्या रात्री जाताना पाय अडखळतो. आणि त्यालाही आपल्याकडे येता येत नाही.

या विषयावरचे आपले लेखन दुकानांच्या काचांपुढे फार उभे राहते. ट्रंका कमी उघडते. आहेराच्या वह्या हे मराठवाड्याच्या अर्थव्यवहाराचे, जातींचे, सोयरिकींच्या नकाशाचे पहिल्या प्रतीचे साधन आहे. कोणत्या साली तांब्याच्या भांड्याची जागा स्टीलने घेतली, कोणत्या साली वस्तूची जागा आकड्याने, कोणत्या गावांची नावे वहीत कधीच आली नाहीत, हे सारे त्यांत लिहिलेले आहे. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत जातात. यंदा ट्रंक आवरताना अशी वही हाती लागली, तर विकू नका. आधी तिची पाने मोजा, घरातल्या सर्वांत जुन्या माणसाशेजारी बसून नावे वाचून घ्या, कोण कोणाचे कोण ते समासात लिहून ठेवा. ती नावे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.