गाणी उरली, निरूपण हरवलं

महाड-पोलादपूरच्या माणसाला इतिहास आधी कानाने कळतो. उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांची ओळख पुस्तकाआधी पोवाड्यातून होते. चवदार तळ्याच्या काठी दर २० मार्चला गायली जाणारी भीमगीतं १९२७चा सत्याग्रह नव्या पिढीच्या तोंडी बसवतात. याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आणखी एका समाजाने आपली स्मृती मराठी गाण्यात जपली. तो समाज म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्या मराठी कीर्तनाची आणि बायकांच्या गाण्यांची आज काय अवस्था आहे, हे आपण आपल्याच घरचा प्रश्न म्हणून पाहायला हवं.

या समाजाची मूळकथाच वाचलेल्यांची आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया जगल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. पोथ्या समुद्रात गेल्या; तोंडी राहिली ती ‘शेमा’ची प्रार्थना. समाजाचे इतिहासकार हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७मध्ये लिहिलेल्या ग्रंथात हे पूर्वज इसवी सनापूर्वी १७५च्या सुमारास, राजा अँटिओकसच्या छळाच्या काळात, गॅलिलीतून निघाले असं मत मांडलं. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र घराघरात कथा तीच सांगितली गेली. पुढे हे लोक कोकणात घाण्यावर तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. इसवी सन ७०मध्ये जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं, त्या दुःखाचा उपास त्यांनी वालाच्या बिरड्याने सोडला. दिवसाचं नावच बिरड्याचा सण पडलं. पोहे, ओलं खोबरं, साखर यांच्या मलिद्याचं ताट मांडून एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची, आळवणी होत राहिली.

या स्मृतीला कलेचं भरीव रूप मिळालं ते कीर्तनात. बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८०मध्ये मुंबईत ही चळवळ सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रं आख्यानात उभी राहिली. साकी, दिंडी, ओवी, पदं, मधे गद्य निरूपण, साथीला पेटी असा सगळा थाट मराठी होता. हिब्रू प्रार्थना म्हणता येणारे पुष्कळ होते, तिचा अर्थ लागणारे थोडे. कीर्तनाने तो अर्थ मायबोलीत दिला. भावांनी विहिरीत टाकलेला योसेफ मराठी ओवीत आला, की ऐकणारी बाई त्याच्यासाठी घरच्या लेकरासारखी हळहळते. माझ्या मते या कलेचं खरं यश चालींपेक्षा या निरूपणात आहे.

आजची पडझडही नेमकी तिथेच दिसते. १९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. कोकणातली सभास्थानं उभी आहेत, पण प्रार्थनेला माणसं जमवणं कठीण झालं आहे. पूर्ण आख्यान लावायला कीर्तनकार हवा, साथीदार हवेत, रात्रभर बसणारा श्रोता हवा. ही जुळणी मोडली आणि आख्यानातून गाणी सुटी झाली. ती सांभाळली बायकांनी, हाताने उतरवलेल्या वह्यांतून. नाट्यपदांच्या, भजनांच्या, सिनेमातल्या गाण्यांच्या चालींवर त्यांनी ती घराघरात चालू ठेवली. अभ्यासक ॲना शुल्ट्झ यांनी भारतातल्या आणि इस्रायलमधल्या या गायिकांवर मोलाचं काम केलं आहे. पण रंगमंचावर येतात ती तीन-चार सुटी पदं. निरूपणाविना विहिरीचं पद नुसतं गोड गाणं होऊन बसतं. भावांचा मत्सर, बापाचा आकांत, पुढची क्षमा यांतलं काहीच पोचत नाही.

दुसऱ्या एका यहुदी संगीतकाराचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. वॉल्टर कॉफमन प्रागहून १९३४मध्ये मुंबईत आले. हिटलरच्या सावटातून सुटलेला हा माणूस १९३७ ते १९४६ आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. पहाटे घराघरात वाजणारी आकाशवाणीची धून त्यांचीच मानली जाते. युरोपातले यहुदी लाखोंनी मारले जात होते, त्या वर्षांत महाराष्ट्राची सकाळ एका निर्वासिताच्या सुरांनी होत होती. कॉफमन १९८४मध्ये गेले. २०२०मध्ये कॅनडाच्या एआरसी अन्सांबलने त्यांच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली. स्वरलिपी कागदावर होती, म्हणून संगीत परतलं. वहीतल्या गाण्याला ती सोय नाही. तिथे शब्द असतात. चाल आणि प्रसंग गाणारीच्या आठवणीत असतात.

म्हणून या कलेचं ध्वनिमुद्रण करताना नुसतं गाणं टिपणं अपुरं आहे. हे पद कोणत्या प्रसंगी म्हणायचं, आजीने ते कुणाकडून घेतलं, वहीत नसलेलं कडवं कोणतं, गाव सोडताना घरात काय बोलणं झालं, हे सगळं त्याच बैठकीत नोंदवायला हवं. कुटुंबाची आठवण हेच आजच्या घडीला उरलेलं निरूपण आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. आता मराठी साहित्याच्या अभ्यासकांनीही त्यांची आख्यानं कीर्तनवाङ्मयाच्या अभ्यासक्रमात घ्यावीत. महाड-पोलादपुरातल्या सप्ताहांत उभे राहणारे कीर्तनकार, तळ्यावर गाणारे शाहीर यांना हा बाज आधीच ठाऊक आहे. त्यांनी या गायिकांसोबत एक तरी पूर्ण आख्यान, पूर्वरंगापासून शेवटच्या पदापर्यंत, रायगडातच उभं करावं. वह्या ज्यांच्या हातच्या आहेत त्या बायका आज चूक दाखवायला समोर आहेत. हे काम त्यांच्या हयातीतच व्हायला हवं.